क्रोसाँ : एक आस्वादसभा आणि थोडी चर्चा

नदीकाठ (धागाकर्ती, पॅरिसजवळ)

नमस्कार. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी पॅरिसच्या दक्षिणेकडील आमच्या उपनगरात अकरा मराठी कुटुंबे आणि काही फ्रेंच शेजारी केवळ क्रोसाँ (लोण्याने पदर पाडलेला, आंबवलेल्या पिठाचा फ्रेंच पाव) खाण्यासाठी आणि त्याविषयी नीट समजून घेण्यासाठी जमले होते. नगरपालिकेने सभागृह दिले होते आणि आमच्याच इमारतीत राहणारे, चाळीस वर्षे भट्टीपुढे काढून निवृत्त झालेले एक बेकरीवाले आजोबा माहिती सांगायला आनंदाने आले होते. त्या सकाळचा वृत्तांत येथे देत आहे. जाणकारांनी भर घालावी आणि काही चुकले असल्यास दुरुस्त करावे.

हे सगळे सुचले ते माझ्या आईमुळे. ती उन्हाळ्यात साताऱ्याहून आली होती. मी मोठ्या कौतुकाने कोपऱ्यावरच्या दुकानातून क्रोसाँ आणले. तिने एक हातात घेतला, दोन्ही टोके धरून मधोमध मोडला, आतला भाग उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "पदर छान सुटलेत गं, पण जाळी नाही पडली." मी इथे नऊ वर्षे राहते, जवळजवळ दर रविवारी क्रोसाँ खाते, पण चांगला कोणता आणि साधारण कोणता हे मला कधी शब्दांत सांगता आले नव्हते. आईने पहिल्याच घासाच्या आधी ते सांगितले, आणि तेही चिरोट्याच्या आणि अनारशाच्या शब्दांत. पुढे आजोबांना मी हे वाक्य समजावून सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले की त्यांच्या धंद्यातही नेमके हेच दोन प्रश्न विचारतात : थर सुटे झाले आहेत का, आणि आत पोकळ्या नीट उघडल्या आहेत का.

आम्ही पाच प्रकारचे क्रोसाँ आणले होते आणि कोणता कुठला हे झाकून फक्त क्रमांक ठेवले होते. पहिला आमच्या भागातील बेकरीत तिथेच लाटून भाजलेला होता. दुसराही बेकरीतलाच, परंतु गोठवलेल्या स्वरूपात कारखान्यातून येतो आणि दुकानात फक्त भाजला जातो. विचारल्यावर दुकानदाराने ते मोकळेपणाने सांगितले. तिसरा चंद्रकोरीच्या आकाराचा, मार्गरीन (लोण्याऐवजी वापरायचे स्वस्त स्निग्ध) वापरलेला 'साधा' क्रोसाँ. चौथा सुपरमार्केटमधल्या प्लास्टिकच्या पाकिटातला. पाचवा पश्चिम फ्रान्समधील शारांत-प्वातू भागातील लोणी वापरून केलेला. आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखे या लोण्याचे नाव १९७९पासून संरक्षित आहे. बेकरीतले सगळे क्रोसाँ सकाळी सात ते आठच्या दरम्यान आणून कागदी पिशव्यांत उघडेच ठेवले होते, कारण प्लास्टिकमध्ये घातले की वाफ कोंडते आणि तासाभरात ते खारीसारखे सादळतात.

आजोबांनी पहिली दहा मिनिटे कोणालाही खाऊ दिले नाही. प्रथम क्रोसाँ उलटा करून तळ पाहायला लावला. तळ एकसारखा खरपूस असावा, तेथे तेलाचा चकचकीत डाग दिसला तर भाजण्याआधीच लोणी वितळून बाहेर आले असे समजावे. मग तो तळहातावर तोलायला सांगितला. साठ-सत्तर ग्रॅमचा हा पदार्थ दिसतो त्यापेक्षा हलका लागला पाहिजे. नंतर कानाजवळ नेऊन हलकेच दाबायचा. पहिल्या आणि पाचव्या क्रमांकाचा आवाज वाळलेल्या पानांवर पाय पडावा तसा आला. चौथा दाबला तर काहीच ऐकू आले नाही, आणि तो दबलेलाच राहिला.

त्यानंतर मोडणे. सुरी वापरायची नाही, कारण सुरीने आतली रचना चेपली जाते. टोके धरून सावकाश ओढले की मधला मऊ भाग गुंडाळीसारखा उलगडत येतो. पाचव्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती, तिच्या भिंती इतक्या पातळ की पलीकडचा उजेड दिसत होता. दुसऱ्यातही पदर होते, दिसायला तो सर्वांत देखणा आणि एकसारखा होता, परंतु आतील पोकळ्या लहान आणि दाटीच्या होत्या.

आणि मग चव. लोण्याचा क्रोसाँ तोंडात विरघळतो आणि मागे काही ठेवत नाही. तिसरा खाल्ल्यावर मात्र टाळूला एक पातळ थर चिकटून राहिला आणि कॉफीचा घोट घेतल्यावरच तो गेला. आजोबांनी याचे कारण सांगितले : लोणी शरीराच्या तापमानाला पुरते वितळते, पदर पाडण्यासाठी बनवलेले मार्गरीन त्याहून अधिक उष्णतेला वितळते. म्हणूनच ते लाटायला सोपे असते आणि म्हणूनच ते तोंडात रेंगाळते.

मतदानात मोठ्यांची सर्वाधिक पसंती पाचव्याला मिळाली आणि पहिला अगदी थोड्या मतांनी मागे राहिला. मुलांपैकी बहुतेकांनी तिसरा निवडला, कारण तो मऊ आणि जरा गोड होता.

शाकाहारी मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. फ्रान्समधल्या क्रोसाँच्या पिठात बहुधा अंडे नसते, परंतु भाजण्यापूर्वी वरून अंड्याचा हात फिरवतात. तो तांबूस तकाकीचा रंग त्याचाच असतो. आमच्यातील तीन कुटुंबे अंडे खात नाहीत. पहिल्या क्रमांकाच्या बेकरीत आदल्या दिवशी सांगून ठेवल्यावर त्यांनी सहा नग फक्त दूध लावून भाजून दिले. रंग थोडा फिका आला, चवीत मला फरक जाणवला नाही.

लाटणे (पुणे)

ताई, अतिशय तपशीलवार लिहिले आहे. आपल्या आईंचे वाक्य वाचून मला फार आनंद झाला, कारण गेली पस्तीस वर्षे मी दिवाळीला चिरोटे करते आणि क्रोसाँचे चित्र पाहिले की माझ्या मनात हाच विचार येतो.

चिरोट्यात आपण तूप फेसून त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर घालून साटा करतो. साटा इतका फेसायचा की थेंब पाण्यात टाकला तर तो तरंगला पाहिजे. तीन पातळ पोळ्या एकावर एक, प्रत्येकीवर साटा, मग घट्ट वळकटी, तिचे तुकडे, आणि ते तुकडे अगदी हलक्या हाताने लाटायचे. जोर दिला की पदर एकमेकांत मिसळतात आणि तळताना उघडत नाहीत. म्हणजे पिठाच्या दोन थरांमध्ये स्निग्धाचा एक थर अखंड राखायचा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच दिसते.

मला तीन शंका आहेत. खारीलाही भरपूर पदर असतात, मग तिला जाळी का नसते? साट्यात आपण पीठ घालतो, फ्रेंच लोक लोण्यात काही घालत नाहीत का? आणि पुण्यात मिळणाऱ्या लोण्यावर हा पदार्थ घरी जमेल का? कोणी जाणकाराने सविस्तर सांगितले तर या थंडीत करून पाहायचा विचार आहे.

रोनकाठ (लियाँ)

लाटणेताई, आपल्या प्रश्नांना उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी मूळचा संगणक क्षेत्रातला. तीन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून बेकरीची व्यावसायिक परीक्षा दिली आणि सध्या लियाँमध्ये एका बेकरीत कामाला आहे. रोज पहाटे चार वाजता माझ्या हातात क्रोसाँचेच पीठ असते.

खारीच्या पिठात यीस्ट नसते. तिथे भट्टीत पाण्याची वाफ होते, ती वाफ स्निग्धाच्या थराखाली अडकते आणि पिठाचे पापुद्रे एकमेकांपासून उचलले जातात. त्यामुळे पदर मिळतात, पण प्रत्येक पदर स्वतः पातळ आणि कोरडाच राहतो. क्रोसाँचे पीठ आंबवलेले असते. त्यामुळे वाफेचे काम होतेच, शिवाय प्रत्येक पदर आतून पावासारखा फुगतो. बाहेर खारी आणि आत पाव, अशी दोन वेगळी कामे एकाच तुकड्यात साधायची असल्यामुळे हा पदार्थ अवघड आहे.

थरांचे गणित असे. पिठाच्या चौकोनी लाटीमध्ये लोण्याची एक चपटी वडी पाकिटासारखी बंद करतात. लांब लाटून तिपदरी घडी घातली की लोण्याच्या एका थराचे तीन होतात. पुन्हा तसेच केले की नऊ, तिसऱ्या वेळी सत्तावीस. इथे थांबायचे. हौसेने आणखी दोन घड्या घातल्या तर थर इतके पातळ होतात की लोणी पिठात मिसळून जाते आणि हाती गोड पाव येतो. चिरोट्याला जोर देऊन लाटू नये असे आपण म्हणता, त्यामागचे कारण हेच आहे.

लोण्यात आम्ही पीठ घालत नाही. त्याऐवजी लोणीच अधिक कोरडे घेतो. फ्रान्समधल्या नेहमीच्या बिनमिठाच्या लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश असतो, तर पदर पाडण्यासाठी बेकऱ्यांना जे लोणी पुरवतात त्यात तो ८४ टक्के असतो. दोन टक्क्यांचा फरक कागदावर लहान दिसतो, पण हातात तो लगेच कळतो. पाणी कमी असलेले लोणी थंडपणी वाकते, मोडत नाही. मी वडी फ्रीजमधून काढून लाटण्याने ठोकतो आणि टेबलाच्या कडेवर वाकवून पाहतो. चामड्याच्या पट्ट्यासारखी वाकली तर ती तयार आहे. तडा गेला तर अजून थंड आहे, आणि तशीच लाटली तर आत तिचे तुकडे होऊन पदर तुटतील. बोटाला लागली तर उशीर झाला, परत फ्रीजमध्ये. पीठ आणि लोणी यांचा मऊपणा सारखा असणे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

मैद्याबद्दलही थोडे सांगतो. फ्रान्समध्ये पिठाच्या पिशवीवर टी४५, टी५५, टी६५ असे क्रमांक असतात. पीठ जाळल्यावर किती राख उरते यावरून ते ठरतात. कोंडा जितका कमी तितकी राख कमी आणि क्रमांक लहान. क्रोसाँसाठी बहुधा टी४५ घेतात, आणि तेही चिकटपणा चांगला असलेले, कारण ते तीनदा लाटून घ्यायचे आणि वर फुगायचेही असते.

भारतीय लोण्याविषयी : तिथल्या नियमांप्रमाणे टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे आमच्या लोण्यापेक्षा पाणी जास्त. शिवाय नेहमीचे पिवळे लोणी खारट असते, तेव्हा बिनमिठाचे घ्यावे. घरी विरजलेल्या सायीचे लोणी चवीला अप्रतिम, पण त्यात ताकाचे पाणी बरेच राहते, त्यामुळे ते या कामाला टिकणार नाही. विशेष म्हणजे फ्रान्समधले चांगले लोणीही विरजण लावलेल्या सायीचेच असते. शारांत-प्वातूच्या लोण्याला जो किंचित आंबूस, मेव्यासारखा वास येतो तो त्या विरजणाचा आहे. आपल्या आजीच्या रवीखाली जे लोणी येत असे, त्याच्याशी त्याचे नाते फार जवळचे आहे.

घरी करायचे असल्यास एक किलो मैद्याला सुमारे अर्धा किलो लोणी वडीसाठी लागेल. पीठ आदल्या रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवावे. फार मळू नये, लाटताना त्याला आणखी बळ येतेच. प्रत्येक घडीनंतर किमान अर्धा तास थंड विश्रांती द्यावी. फुगवताना खोलीचे तापमान २६ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. या एका सूचनेसाठी बाकीच्या दहा विसरलात तरी चालेल.

डॅन्यूब (व्हिएन्ना)

फार उत्तम धागा. आस्वादसभेत इतिहासाची चर्चा झाली की नाही ते कळले नाही, परंतु मी ज्या शहरात राहतो तिथून या पदार्थाचा प्रवास सुरू झाला असल्याने थोडी भर घालतो.

बहुतेकांनी ऐकलेली गोष्ट अशी आहे की १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, पहाटे कामाला लागलेल्या बेकरीवाल्यांना जमिनीखालून सुरुंग खणल्याचा आवाज आला, शहर वाचले आणि त्या विजयाची आठवण म्हणून तुर्की ध्वजावरील चंद्रकोरीच्या आकाराचा पाव केला गेला. हीच गोष्ट बुडा (आजच्या बुडापेस्टचा भाग) या शहराच्या १६८६च्या वेढ्याबद्दलही सांगतात. दुसरी गोष्ट ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत हिची : ती १७७० साली लग्न होऊन फ्रान्सला गेली आणि तिने आपल्या माहेरचा हा पाव तिकडे नेला. दोन्ही गोष्टी मला लहानपणापासून आवडत आल्या आहेत, परंतु दोन्हींना त्या काळातला कोणताही पुरावा नाही. कोरीच्या आकाराचा 'किप्फर्ल' हा पाव तर ऑस्ट्रियात त्या वेढ्याच्या कित्येक शतके आधीपासून होता.

ज्याला खात्रीलायक आधार आहे तो दुवा वेगळाच आहे. आउगुस्ट त्सांग नावाचा ऑस्ट्रियन तोफखान्यातला माजी अधिकारी पॅरिसला गेला आणि १८३८-३९च्या सुमारास त्याने र्यू द रिशल्यू या रस्त्यावर ९२ क्रमांकाच्या जागेत 'बूलांजरी व्हिएन्वाझ', म्हणजे व्हिएन्नाची बेकरी, उघडली. वाफ सोडणाऱ्या भट्टीमुळे त्याच्या पावाला तकाकी येत असे आणि पॅरिसकरांना तो पाव इतका आवडला की तिथले इतर बेकरीवालेही तसाच पाव करू लागले. फ्रान्समध्ये क्रोसाँ, पें ओ शोकोला (आत चॉकलेट घातलेला), ब्रियोश (लोणी-अंडी घातलेला मऊ पाव) यांसारख्या पदार्थांना आजही 'व्हिएन्वाझरी' असे एकत्रित नाव आहे. त्सांग स्वतः १८४८ साली व्हिएन्नाला परतला आणि त्याने 'दी प्रेसे' हे वर्तमानपत्र सुरू केले.

आता यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. किप्फर्ल पदरांचा नसतो. तो आंबवलेल्या पिठाचा, मऊ, पावासारखाच असतो. मी परवाच कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला मोडून पाहिला. तो तुटतो, उलगडत नाही. लोण्याची घडी घालून त्याचे पदर पाडणे हे फ्रान्समध्ये घडले, आणि तशी कृती छापील स्वरूपात दिसते ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे आकार ऑस्ट्रियाचा, पदर फ्रान्सचे. त्यामुळे क्रोसाँ खरा कोणाचा या वादात मी नेहमी फ्रान्सच्या बाजूने बोलतो, इथे राहत असूनही.

शब्दाविषयी एक गोष्ट. 'क्रोसाँ' हा 'वाढणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला शब्द आहे, म्हणजे वाढता चंद्र. आपल्या भाषेत सांगायचे तर शुक्ल पक्षातली कोर.

नदीकाठ (धागाकर्ती)

डॅन्यूब, मनःपूर्वक आभार. आमच्या सभेत एका काकांनी वेढ्याची गोष्ट रंगवून सांगितली होती आणि आम्ही सगळ्यांनी ती खरी मानली. पुढच्या बैठकीत आपला हा प्रतिसाद वाचून दाखवीन.

आकारावरून एक व्यवहारातली गोष्ट लिहायची राहिली होती. फ्रान्समधल्या बेकरीत सरळ, दोन्ही टोके बाहेर काढलेला क्रोसाँ दिसला तर तो बहुधा लोण्याचा असतो, आणि टोके आत वळवलेला, खरोखर कोरीसारखा दिसणारा असेल तर तो बहुधा मार्गरीनचा. हा कायदा नाही, दुकानदारांनी पाळलेली रूढी आहे, आणि ती सगळीकडे पाळली जात नाही. म्हणून पाटी वाचावी. 'ओ बर', म्हणजे 'लोण्याचा', असे लिहिलेले असेल तर त्यात लोण्याखेरीज दुसरे स्निग्ध वापरता येत नाही. भारतातून येणारे पाहुणे चंद्रकोरीचा आकार पाहून तोच अस्सल समजतात आणि आवर्जून तोच मागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. मला त्याचे वाईट वाटते, कारण सात समुद्र ओलांडून आल्यावर पहिला घास तरी लोण्याचा असावा.

दक्षिणवारा (तुलूझ)

धागा आवडला. तथापि दोन मुद्द्यांवर माझे मत वेगळे आहे.

पहिला मुद्दा साध्या क्रोसाँचा. मार्गरीनचा शोध १८६९ साली फ्रान्समध्येच इपोलित मेज-मुरिएस यांनी लावला, तो लोण्याला स्वस्त पर्याय हवा होता म्हणून. ज्यांना रोज लोण्याचा क्रोसाँ परवडत नव्हता अशा असंख्य घरांत साध्या क्रोसाँनेच सकाळ साजरी झाली आहे. माझे सासरे ऐंशीच्या पुढचे आहेत. ते आजही साधाच क्रोसाँ घेतात आणि दूध घातलेल्या कॉफीच्या मोठ्या वाडग्यात बुडवून खातात. बुडवल्यावरही तो वाडग्यात सुटून पडत नाही, आणि त्यांच्या दृष्टीने तोच त्याचा गुण आहे. आपल्याकडे चहात बुडवायच्या खारीला कोणी कमी लेखत नाही. म्हणून मुलांनी तिसरा क्रमांक निवडला यात मला काही गैर वाटत नाही.

दुसरा मुद्दा गोठवलेल्या क्रोसाँचा. इथे कायद्याची माहिती असणे आवश्यक आहे. २५ मे १९९८च्या कायद्याने फ्रान्समध्ये 'बूलांजरी' ही पाटी लावण्याचा अधिकार फक्त त्याच दुकानाला दिला आहे जिथे पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंतचे काम जागेवरच होते आणि कोणत्याही टप्प्यावर ते गोठवले जात नाही. परंतु हा नियम पावाला लागू आहे, क्रोसाँसारख्या पदार्थांना नाही. त्यामुळे 'बागेट' हा लांब पाव स्वतः करणारा बेकरीवाला क्रोसाँ मात्र गोठवलेला आणून भाजू शकतो, आणि त्यात बेकायदा काही नाही. एक क्रोसाँ सव्वा-दीड युरोला विकायचा आणि त्यासाठी दोन दिवसांची मेहनत, रात्रपाळीचा माणूस आणि महाग लोणी, हे गणित लहान दुकानाला झेपत नाही. २०१७च्या शरद ऋतूत लोण्याचे भाव इतके चढले होते की सुपरमार्केटची फडताळे रिकामी पडली होती. त्या काळात आमच्या गल्लीतील बेकरीवाल्याने स्वतः क्रोसाँ लाटणे थांबवले आणि ते पुन्हा सुरू केलेच नाही. त्याच्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही, ग्राहकाला विचारल्यावर त्याने खरे सांगावे एवढीच माझी अपेक्षा आहे.

आणि वर कोणीतरी 'पें ओ शोकोला' लिहिले आहे. आमच्याकडे तुलूझ आणि बोर्दोच्या बाजूला त्याला 'शोकोलातीन' म्हणतात, आणि हा विषय इथे जिव्हाळ्याचा आहे. २०१८ साली काही खासदारांनी अशा प्रादेशिक नावांना मान मिळावा म्हणून संसदेत दुरुस्ती मांडली होती, ती फेटाळली गेली. पीठ क्रोसाँचेच, लोणीही तेच, फक्त आत चॉकलेटच्या दोन कांड्या.

नदीकाठ (धागाकर्ती)

दक्षिणवारा, साध्या क्रोसाँविषयी आपले म्हणणे मला पटले. सासऱ्यांचा वाडगा डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि मुलांच्या निवडीला मी चूक म्हटलेले नाही, तसे वाटले असल्यास क्षमस्व.

गोठवलेल्या क्रोसाँबाबत मात्र मी थोडी अधिक आग्रही आहे. पाचही क्रमांक उघड केल्यावर आजोबा बराच वेळ दुसऱ्या क्रमांकाचा अर्धा तुकडा हातात धरून बसले होते. त्यात दोष नव्हता, असे ते म्हणाले. सगळे नग एकाच वजनाचे, एकाच रंगाचे, एकाही ठिकाणी पदर फाटलेला नाही. मग त्यांनी पहिल्या क्रमांकाचा एक नग उचलला. त्याच्या एका टोकाला लाटताना हात जरा जास्त पडला होता आणि तिथे पदर मिटले होते. तो डाग त्यांनी आम्हाला बोटाने दाखवला आणि सांगितले की हा मुलगा अजून शिकतो आहे, दोन वर्षांत हे टोकही उघडेल. ग्राहकांनी विकत घेतलेच नाही तर तो मुलगा कोणाच्या भट्टीवर शिकणार, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. म्हणून मी दुकानात विचारते, आणि जिथे लाटले जाते तिथूनच घेते, चार पावले जास्त चालावी लागली तरी.

पॅरिस परिसरातील बेकरीवाल्यांची संघटना शारांत-प्वातूच्या लोण्याच्या क्रोसाँची स्पर्धा भरवते. तिथेही परीक्षक रूप, भाजणी, वास, पदर आणि चव पाहतात. मला वाटते आपल्या घरच्या स्वयंपाकघरात वाढलेला कोणीही मनुष्य तिथे थोड्या सरावाने बसू शकेल. खुसखुशीत, कुरकुरीत, खरपूस, वातड, सादळलेले, कच्चट, तेलकट, खवट : एवढे शब्द आमच्या सभेत पहिल्या अर्ध्या तासात आले, आणि आमच्या फ्रेंच शेजारणीने त्यातले 'खुसखुशीत' आणि 'कुरकुरीत' यांतला फरक दोन वेळा समजावून घेतला. क्रोसाँचे बाहेरचे कवच कुरकुरीत, पण दाताखाली आल्यावर त्याचा चुरा होतो तो खुसखुशीत, असे आम्ही तिला सांगितले.

लाटणे (पुणे)

सर्वांना नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात पहाटेचा पारा दहा-अकरा अंशांवर उतरला, तेव्हा रोनकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे अर्धा किलो मैद्याचे क्रोसाँ दोनदा केले. जे झाले ते जसेच्या तसे लिहिते.

पहिल्या वेळी लाटणे उत्तम जमले. पहाटे साडेचारला स्वयंपाकघराच्या कडाप्प्यावर काम केले, तो दगड बर्फासारखा थंड होता. लोण्याची वडी कडेवर वाकवून पाहिली, वाकली. तीन घड्या झाल्या. कापलेल्या त्रिकोणाच्या कडेला पिवळ्या-पांढऱ्या रेघा इतक्या स्पष्ट दिसत होत्या की मी घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवल्या. मग फुगायला वेळ लागतो आहे असे वाटून मी ताट गॅसशेजारी ठेवले. इडलीचे पीठ थंडीत असेच ठेवायची सवय आहे. अर्ध्या तासात ताटात लोण्याचे तळे झाले. भाजल्यावर तळ तळल्यासारखा झाला आणि आत पाव झाला.

दुसऱ्या वेळी गॅसपासून दूर, बाहेरच्या खोलीत ठेवले. तिथे साधारण बावीस अंश होते. साडेतीन तास लागले. ताट हलवले की क्रोसाँ थरथरू लागले तेव्हा दुधाचा हात फिरवून भाजले. वरचे पदर मला हवे होते तसे आले. मोडून पाहिल्यावर कडेच्या बाजूला जाळी सुंदर पडली होती, परंतु अगदी मध्यभागी लिंबाएवढा कच्चट गोळा राहिला होता. ओव्हन १८० अंशांवर होता आणि अठरा मिनिटे भाजले. हा गोळा कशामुळे राहिला असेल?

रोनकाठ (लियाँ)

ताई, दुसऱ्याच प्रयत्नात कडेला जाळी पडली ही फार मोठी गोष्ट आहे. मला तिथवर पोहोचायला दोन महिने लागले होते.

गोळ्याचे कारण माझ्या मते भाजणी नसून वळकटी आहे. चिरोट्याची वळकटी आपण घट्ट वळतो, कारण तिला फुगायचे नसते. क्रोसाँच्या मधल्या वेढ्यांना आतल्या आत वाढायला जागा लागते. त्रिकोणाच्या रुंद बाजूला मधोमध एक लहानसा छेद द्यावा, दोन्ही कोपरे किंचित बाहेर ओढावेत आणि मग केवळ बोटांच्या टोकांनी, न दाबता, वळत जावे. शेवटचे टोक क्रोसाँच्या वजनाखाली यावे, म्हणजे भट्टीत ते सुटत नाही. शिवाय बावीस अंशांत साडेतीन तास थोडे कमी पडले असावेत. ताट हलवल्यावर वरचा भाग थरथरतो, पण मधला भाग उशिरा तयार होतो. आणखी चाळीस मिनिटे थांबून पाहावे.

पहिल्या खेपेचे जे उरले असतील ते टाकू नयेत. इथे आदल्या दिवशीचे क्रोसाँ आडवे कापून साखरेच्या पाकात बुडवतात, आत आणि वर बदामाचे सारण लावून पुन्हा भाजतात. पाकात वेलदोडा घातला तर फ्रेंच गिऱ्हाईकही तक्रार करत नाही, हे मी आमच्या दुकानात पाहिले आहे.

लाटणे (पुणे)

उरले होते, सहा. आज संध्याकाळी बदाम भिजत घालते. पुढची खेप संक्रांतीच्या आधी, थंडी आहे तोवर करीन आणि या वेळी वळकटी सैल ठेवीन. त्रिकोण किती रुंद आणि किती लांब कापता ते सेंटिमीटरमध्ये सांगाल का?

रोनकाठ (लियाँ)

पाया ९ सेंटिमीटर, लांबी २५ ते २७, जाडी चार मिलिमीटरच्या आत. कापताना सुरी ओढू नये, वरून खाली दाबून उचलावी. सुरी ओढली की कडेचे पदर एकमेकांना चिकटतात.